भोपळा अजून वेलावर आहे

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी तयार करणारा एक कारखाना आहे. रूपल चुरी तिथे माल तपासण्याचे काम करीत असे. खोके ठरल्या मापापेक्षा तीन मिलिमीटरने जरी चुकले, तरी त्यावर तांबडा शिक्का मारण्याचा तिला अधिकार होता आणि तो ती मनापासून वापरीत असे. अशा बाईच्या घरी मोबाइलवरून मागवलेली एकही वस्तू मापात येऊ नये, याला तिचा नवरा कमलेश दैवाचा न्याय म्हणे. मागच्या वर्षी तिने कुठल्याशा पेजवरून हाताने कोरलेला सागवानी देव्हारा मागवला. तो आला तेव्हा त्यात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा कसेबसे मावले, गणपतीला मात्र बाहेर बसावे लागले. तक्रार केल्यावर उत्तर आले, की ऑर्डरप्रमाणे बनवलेली वस्तू परत घेतली जात नाही. गणपती तेव्हापासून बाहेरच होता. ‘पहाऱ्याला बसलाय,’ असे कमलेश येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

इतके होऊनही ऑगस्ट महिन्यात रूपलने पुन्हा एक वस्तू मागवली, आणि तीही सासऱ्यांसाठी.

तात्यांना जुलैत न्यूमोनिया झाला होता. पशुधन खात्यात उभी हयात घालवलेला, डोंगरपाड्यांतल्या हजारो बैलांना लस टोचलेला हा माणूस पंधरा दिवस बोईसरच्या दवाखान्यात स्वतः सुया टोचून घेत पडला, आणि तारापूरजवळच्या आपल्या वाडीतल्या घरी परतला तो निम्मा होऊन. डावे फुप्फुस खालच्या बाजूने नीट उघडत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी एक यंत्र दिले होते. प्लास्टिकच्या तीन उभ्या नळकांड्या, त्यांत तीन रंगांचे तीन गोळे, आणि बाजूला तोंडात धरायची नळी. दिवसातून पाच वेळा हे गोळे वर उचलायचे होते.

आठवडाभर तात्या त्या नळीत गाल फुगवून फुंकत राहिले. गोळे हलले नाहीत.

“यंत्र बंद हाय,” तात्यांनी निकाल दिला. “परत करा.”

रूपलने डब्यावरचे चित्र नीट पाहिले आणि कपाळाला हात लावला. “तात्या, फुंकायचं नाही. आत ओढायचं. शहाळ्याचं पाणी ओढतात तसं.”

“मग हे आधी सांगाया काय झालं होतं?”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा नर्सबाईंना त्यांच्या गाईच्या कासेवर उपाय सांगत होता.”

ओढायला लागल्यावर पहिला गोळा अर्ध्यापर्यंत आला आणि खाली बसला. दोन दिवसांनी तात्यांनी यंत्र खिडकीत ठेवले. तिसऱ्या दिवशी ते खिडकीतून कपाटावर गेले. शेंबड्या पोराचे खेळणे आहे, त्यातून ना आवाज निघतो ना काही, माणसाने श्वास खर्चायचा तर निदान काहीतरी ऐकू तरी यावे, असे त्यांचे म्हणणे पडले. आणि मग एका संध्याकाळी पेज पिता पिता ते एकाएकी म्हणाले, “फुंकायचा तर तारपा फुंकावा माणसाने.”

नोकरीच्या पहिल्या वर्षी, डोंगरातल्या एका पाड्यावर मुक्कामाला असताना त्यांनी तारपा ऐकला होता. एवढेच नव्हे, तर दोन फुंका मारूनही पाहिल्या होत्या. वाळलेल्या लांब भोपळ्याला खाली बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा मध्ये, आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून सगळा पाडा. सांगताना तात्यांच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी काहीतरी हलले. रूपलने ते पाहिले. तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “वाजवू देत की. पण आधी तीन गोळे. आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही. ही कसरत थांबली, तर त्या कोपऱ्यात पुन्हा पाणी धरेल आणि पुन्हा दाखल करावं लागेल. या वयात दुसऱ्यांदा मला ते नको आहे.”

त्याच संध्याकाळी रूपलने मोबाइलवर ‘रानसूर’ नावाचे पेज शोधून काढले. पेजवर सात फोटो होते, पाठीराखे दोनशे बारा. ‘हाताने बनवलेली वाद्ये ऑर्डरप्रमाणे मिळतील. पालघर जिल्हा.’

“देव्हाऱ्याची आठवण आहे ना?” कमलेशने विचारले.

“म्हणूनच माप देणार आहे.”

ती टेप घेऊन तात्यांसमोर उभी राहिली. “तात्या, तो तारपा केवढा होता?”

“एवढा,” तात्यांनी दोन्ही हात पसरले.

रूपलने त्या हातांमधले अंतर मोजले. चार फूट दोन इंच. तिने ते लिहून घेतले. रंग ‘पिवळसर सोनेरी’, डाग ‘नकोत’, वापर ‘रोजचा’. आगाऊ रक्कम पाठवली आणि पोच आल्यावर समाधानाने झोपली. खोक्यांच्या कारखान्यातल्या हुशार बाईने एका म्हाताऱ्याच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणीला टेप लावली होती, हे तिच्या ध्यानात यायला अजून तीन महिने होते.

आठवड्याने तिने विचारणा केली. उत्तरादाखल एक फोटो आला. कौलारू छपरावर पसरलेला वेल, आणि छपराच्या कडेवरून खाली लोंबणारा, हातभर लांबीचा, हिरवागार, कोवळा दुधी भोपळा. खाली लिहिले होते : ‘ताई, तुमच्या मापाचा कोरडा भोपळा नाही. हा वाढवतोय. अजून वेलावर आहे.’

कमलेशला त्या दिवशी जेवण गेले नाही, इतका तो हसला. “पैसे दिले आणि हातात भोपळा! तोही अजून हातात नाही. याला ट्रॅकिंग नंबर दिलाय का गं? ‘आपला भोपळा फुलातून निघाला आहे.’”

रूपल संतापून टाइप करू लागली, तेवढ्यात दुसरा संदेश आला. ‘वाजवणार कोण? आजा विचारतो, त्यांचा दम किती आहे.’

दम मोजायचे रूपलजवळ एकच साधन होते. तिने कपाटावरून यंत्र काढले, तात्यांची विनवणी केली, आणि पहिला गोळा अर्ध्यापर्यंत येऊन बसल्याचा व्हिडिओ पाठवून दिला. थोड्या वेळाने एका म्हाताऱ्याचा जाडाभरडा आवाज फोनमधून आला, मागे कोंबड्यांची कलकल :

“एका गोळ्यात तारपा नाय वाजायचा, भाऊ. अर्ध्यात तर नायच नाय. भोपळा वाळंतोवर तीन झालं पायजेत. तुमी तुमचं करा, आमी आमचं करतो.”

तात्यांनी तो आवाज तीन वेळा ऐकला. मग यंत्र मांडीवर घेतले.

असा तो व्यवहार सुरू झाला. दर रविवारी सकाळी रानसूरवाली मुलगी भोपळ्याचा व्हिडिओ पाठवी. तिचे नाव सपना, आणि वेल तिच्या आजाचा, चिंधूबाबाचा. दर रविवारी दुपारी चुरींच्या घरून गोळ्यांचा व्हिडिओ जाई. भोपळा हातभराचा दोन हात झाला. पहिला गोळा वरच्या टोकाला चिकटून राहू लागला. भोपळ्याच्या मानेवर कावळ्याने चोच मारली आणि तिथे चंद्रकोरीसारखा व्रण धरला. तात्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन तो व्रण तपासला आणि उलट संदेश धाडला, की जखमेवर राख लावा आणि वेलाच्या बुडाशी जुने शेण घाला. ‘लावली,’ असे उत्तर आले. दुसरा गोळा निळा होता. तो गौरीविसर्जनाच्या आसपास थरथरू लागला. तात्या आता न सांगता पाच वेळा बसत. फोनवर नातेवाइकांनी प्रकृती विचारली, की ते भोपळ्याची प्रकृती सांगत.

सप्टेंबरच्या अखेरीस, चांगला चार दिवस पाऊस कोसळून गेल्यावरच्या रविवारी, निळा गोळा खाडकन वर गेला आणि राहिला. घरात पेढे आले. त्याच दिवशी सपनाचाही व्हिडिओ आला. भोपळा, वेल, छप्पर, सगळे होते.

रूपलने तो एकदा पाहिला, मग पुन्हा पाहिला. वीस हजार सारख्या खोक्यांतून एक चुकीचे हेरण्याची सवय झालेल्या डोळ्यांना काहीतरी टोचत होते. दोरीवर एक लाल पोलके वाळत होते, त्याला उजवीकडे एकच हिरवा चिमटा. खाली एक कोंबडी डावा पाय उचलून थबकलेली. रूपलने मागच्या आठवड्याचा व्हिडिओ उघडला. लाल पोलके आणि हिरवा चिमटा तिथेही होते. कोंबडीने तोच पाय उचलला होता.

पुढच्या रविवारीही कोंबडीने पाय खाली ठेवलेला नव्हता.

‘सपना, हे जुने व्हिडिओ आहेत. खरे काय ते कळव,’ असे तिने लिहिले. संदेश वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी पेज उघडायला गेली तर ‘रानसूर’ नावाचे काही सापडत नव्हते. फोन बंद.

“गेला भोपळा,” कमलेश म्हणाला. पण या वेळी तो हसला नाही. “तात्यांना काय सांगायचं?”

तोच प्रश्न होता. आगाऊ दिलेल्या पैशांवर रूपलने त्याच दिवशी पाणी सोडले होते. पण तात्यांचा तिसरा, पिवळा गोळा आता कुठे जागचा हलू लागला होता, आणि तो कशाच्या जोरावर हलत होता हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते. तिने विचार केला आणि रविवारी सकाळी तात्यांना ऑगस्टमधला एक व्हिडिओ दाखवला. “त्यांच्याकडे रेंज नाही म्हणे नीट. हाच आलाय.”

तात्यांनी पाहिला आणि मान हलवली. त्याच्या पुढच्या रविवारी तिने आणखी एक दाखवला. त्याच्याही पुढच्या रविवारी ती चादरी-अभ्र्यांची धुणी आटोपून आत आली, तर यंत्र त्याच्या मूळ डब्यात घातलेले, डबा पुन्हा कपाटावर, आणि तात्या भिंतीकडे तोंड करून बसलेले.

“तात्या, गोळे?”

“सूनबाई, मी खात्यात छत्तीस वर्षं काढली,” तात्या भिंतीला म्हणाले. “पाड्यावरचा माणूस यायचा, म्हणायचा, साहेब, बैल बसलाय, जरा बघा. मी गेल्यावर लांबनंच वळखायचो. बसलेला बैल आनि मेलेला बैल यांत फरक असतो. तुझा भोपळा तीन आठवडं वाढला नाय. उलट एक हात कमी झालाय.”

रूपल उंबरठ्यावरच बसली. शेवटी तिने सगळे सांगितले. पोलके, चिमटा, कोंबडी, बंद पडलेले पेज. तात्या ऐकत राहिले. त्यांचा राग फसवणुकीवर नव्हता असे तिला वाटले. आपल्याला रुग्ण समजून कोणी समजूत काढते आहे, एवढेच त्यांना सोसत नव्हते.

“शुक्रवारी डॉक्टरांनी बोलावलंय,” ती म्हणाली. “तोवर तरी करा. भोपळ्याशी त्याचा काय संबंध?”

“भोपळा बघितल्याबिगर मी गोळा उचलणार नाय.”

“बघायचा कुठे? पत्ता कुठे आहे आपल्याकडे?”

तात्या प्रथमच तिच्याकडे वळले. “तुझ्याकडे नसंल. माझ्याकडे हाय. त्या छपराच्या मागे डोंगर दिसतो, त्याला उजव्या अंगाला खाच हाय, कुऱ्हाडीचा घाव घातल्यासारखी. त्या खाचेखाली मी दोन पावसाळे लाळ-खुरकताच्या लशी टोचल्यात. बेटेगाव सोडलं की आत वळायचं. कमलेशला म्हनावं, गाडी काढ.”

अडीच-पावणेतीन महिने रूपलच्या मनात रानसूर हे कुठेतरी दूर, जव्हारच्या पलीकडे होते. प्रत्यक्षात ते तिच्या कारखान्यापासून अर्ध्या तासावर निघाले. बेटेगावच्या नाक्यावर कमलेशने चहाच्या टपरीवर उभ्या दोन कामगारांना विचारले, की भोपळ्याची वाद्ये बनवणारे इकडे कोण राहते. “लौकी?” त्यांतल्या एकाने गंभीरपणे उत्तर दिले, “लौकी तो बोईसर मंडी में मिलेगा, साहब. यहाँ महँगा है।” मागच्या सीटवर तात्या समाधानाने खोकले. “सरळ घे. त्याला विचारून काय, मला विचार.”

भात कापून झाले होते. खाचरांच्या बांधांवर पेंढ्या रचलेल्या होत्या, आणि कुऱ्हाडीच्या घावासारखी ती खाच डोंगराला खरोखरच होती. तिच्या खालच्या पाड्यावर चौथे घर आले, तेव्हा रूपल आपोआप म्हणाली, “थांब.” दोरीवर लाल पोलके होते आणि चिमटा हिरवाच होता.

छप्पर मात्र मोकळे होते. वेल नव्हता.

अंगणात भात पाखडणाऱ्या मुलीने वर पाहिले, गाडीतून काठी टेकीत उतरणाऱ्या तात्यांना पाहिले, आणि तिच्या हातातले सूप खाली गेले. या चेहऱ्याला तिने कधी जवळून पाहिले नव्हते, तरी गाल आत ओढून, तीन गोळ्यांमागून दर रविवारी तो तिच्या फोनवर येत होता.

“सपना ना तू?” रूपल म्हणाली. तिने वाटेत फार कडक वाक्ये तयार केली होती. “भोपळा कुठाय?”

“फुटला, ताई,” मुलगी म्हणाली आणि रडूच लागली. “हस्ताचा पाऊस आला ना, वेलासकट छपरावरून खाली. दगडावर आपटला. अर्धा गाईने खाल्ला.”

“मग तसं सांगायचं!”

“सांगणारच होती. फोन घेतला तर त्याच दिवशी बाबांचा निळा गोळा वर गेला होता, आनि तुमी लिवलेलं, की हे सगळं तुमच्या भोपळ्यामुळं. मग कसं सांगू? म्हटलं, जुना टाकते, तवर आजा दुसरा बघेल. दुसरा तेवढा कुठं गावला नाय. मग तुमी लिवलं, तुला पकडलं. मी घाबरली. पेजच पुसून टाकलं. पैसं तसंच हायेत, ताई, डब्यात.”

रूपलने तयार केलेली वाक्ये आठवून पाहिली. त्यांतले पहिले असे होते, की आजारी माणसाला खोटे व्हिडिओ दाखवताना तुला काही वाटले नाही का. ते वाक्य तिने गिळले.

ते दुसऱ्या कोणी बोलायच्या आत तात्याच बोलले. “रडू नको, पोरी. माझी सून पन तेच करत होती. तुझाच माल, दुसरं दुकान.”

कमलेश एकदम गाडीचे टायर तपासायला वळला. त्याचे खांदे हलत होते.

एवढ्यात घरातून चिंधूबाबा बाहेर आला. सत्तरी ओलांडलेला, चिवट, कमरेला पंचा, तोंडात तंबाखू. त्याने पाहुण्यांना खाटेवर बसवले, सपनाला पाणी आणायला पिटाळले, आणि कोणतीही दिलगिरी न दाखवता तात्यांसमोर उकिडवा बसला.

“फुटला ते बरं झालं,” तो म्हणाला.

“बरं?” रूपलच्या तोंडून निघाले.

“तो लई मोठा. मी हिला पैल्या दिवसापासून सांगत होतो, येवढा तारपा या भाऊला झेपायचा नाय. ही म्हणं, आजा, ताईनं माप दिलंय, फूट-इंच लिवून दिलंय, बदलता येत नाय. चार फुटाचं माप! ते आणलं कुठून तुमी?”

रूपलने तात्यांकडे पाहिले. तात्या डोंगराकडे पाहू लागले.

“यांनी ऐकलेला तारपा तेवढा होता,” ती हळूच म्हणाली. “हात पसरून दाखवला. मी मोजला.”

चिंधूबाबाने तंबाखू थुंकली आणि मनसोक्त हसला. “अवं, सगळा पाडा फेर धरून नाचतो, मधी जवान माणूस फुंकतो. तवा तारपा मोठाच दिसतो! मासा सुटला की मोठा होतो ना, तसा.” मग हसू आवरून त्याने आपला राठ तळवा तात्यांच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरला. “फुंका.”

तात्यांनी फुंकले.

“सावकाश. थांबू नका. आजून. आजून थोडं.” म्हातारा डोळे मिटून तळव्यावर येणारा वारा जोखीत होता, जसे कोणी धान्य हातावर घेऊन जोखते. तात्यांचा श्वास संपला तेव्हा त्याने डोळे उघडले, घरात गेला आणि चुलीवरच्या आढ्याला टांगलेला एक भोपळा काढून घेऊन आला. मागच्या वर्षीचा, धुराने तपकिरी-काळा झालेला, मध्येच किंचित वाकडा, मानेवर दोन डाग. त्याने त्यावर बोट वाजवले. टणक, कोरडा आवाज आला.

“हा तुमच्या दमाचा. मोठा भोपळा वारा खातो, भाऊ. हा वारा परत देतो. चुलीवर तयारच होता. पन ही म्हणं, याचा फोटो चांगला येत नाय.”

रूपलच्या पिशवीत टेप होती. हात सवयीने तिथवर गेला. सोनेरी रंग नाही, डाग नकोत म्हटले तिथे दोन, आणि लांबी मागितलेल्या मापाच्या आसपासही नाही. कारखान्यात असता तर याच्यावर तिने तांबडा शिक्का दोनदा मारला असता. तात्या तो भोपळा मांडीवर घेऊन बसले होते, पाहुण्याचे मूल घ्यावे तसे, जरा अवघडून आणि फार जपून. तिने पिशवीची चेन लावली.

“कधी तयार होईल?” तिने विचारले.

“नळ्या कापल्यात. मेण हाय. ताडाची पानं काढायची. तीन-चार दिवसांत होईल. पन वाजवायचा नाय.”

“का?”

“आजून नवं नाय झालं. नवा भात देवाला दावल्याबिगर तारप्याला तोंड लावायचं नाय. झोडणी संपू दे. धा दिवस.” त्याने तात्यांकडे बोट केले. “आनि कुरियर-बिरियर नाय. तोंडाशी सूर काढनारी जीभ बसवायची ती माणूस समोर बसवून. तुमीच यायचं. तीन गोळं घेऊन.”

“दोन झालेत,” तात्या म्हणाले.

“तिसरा?”

तात्यांनी सुनेकडे हात केला. “रूपल, यंत्र आनलंयस ना?”

तिने आणले होते. निघताना कपाटावरून काढून पिशवीत टाकले होते. तिने डबा उघडून दिला. पण तात्यांच्या आधी चिंधूबाबानेच ते उचलले, उलटसुलट करून पाहिले, नळी तोंडात धरली आणि तास-तास तारपा फुंकणाऱ्या माणसाच्या सगळ्या ताकदीने फुंकले. गोळे जागचे हलले नाहीत. सपना तोंडावर पदर धरून हसू लागली.

“बंद पडलंय,” चिंधूबाबा म्हणाला.

तात्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो रूपलने आजारपणानंतर पाहिला नव्हता. “नाय, नाय! आत! आत वढायचं, शहाळ्याचं पाणी वढल्यासारखं. इकडं आना, दावतो.” त्यांनी यंत्र घेतले, पाठ ताठ केली, कुऱ्हाडीच्या खाचेकडे नजर लावली आणि ओढले. तांबडा गोळा गेला, निळा गेला, आणि पिवळा हलला, डळमळला, निम्म्यावर चढला, तिथे क्षणभर लटपटत राहिला आणि खाली बसला.

“आडीच,” चिंधूबाबाने नोंद केली. “धा दिवस हायेत.”

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकले आणि डाव्या बाजूला खाली आता वारा पोहोचतो आहे असे सांगितले. ‘रानसूर’ पेज पुन्हा दिसू लागले. त्यावर दर दिवशी एक व्हिडिओ येई. बांबूला भोके पाडताना, मेण तापवताना, ताडाची पाने वळताना. कोंबडी दर वेळी वेगळ्या ठिकाणी असे. रूपल आधी तीच पाहून घेई.

नवव्या दिवशी संध्याकाळी पिवळा गोळाही वर गेला आणि राहिला. दहाव्या दिवशी सगळे पुन्हा गेले. रूपलने बरोबर एक खोके नेले होते. ऑगस्टमध्येच, मोठ्या विश्वासाने, तिने ते कारखान्यातून खास करवून घेतले होते. आतून पाच पदरी, लांबी चार फूट चार इंच. नवे झाले होते. अंगणातल्या पाटावर भाताचा प्रसाद होता. चिंधूबाबाने तात्यांना समोर बसवून नळीच्या तोंडाची जीभ दोनदा काढली, खरवडली, पुन्हा बसवली. मग तारपा त्यांच्या हातात दिला.

पहिल्यांदा नुसता वारा आला. दुसऱ्यांदाही. तात्यांनी पाठ ताठ केली, यंत्रासमोर करीत तसा सावकाश, खोल श्वास आत घेतला, अगदी डाव्या कोपऱ्यापर्यंत, आणि सोडला.

जो आवाज निघाला त्याला सूर म्हणणे धाडसाचे झाले असते. अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. पलीकडच्या गोठ्यातून एका म्हशीने मान वर करून हंबरून उत्तर दिले.

तात्यांनी तारपा तोंडापासून काढला. त्यांना धाप लागली होती आणि डोळ्यांत पाणी होते. “पारडू!” ते म्हणाले. “चार दिवसांचं, भुकेजलेलं. मी वळखतो.”

“पैल्यांदा पारडूच निघतं,” चिंधूबाबा म्हणाला. “पावसाळ्याच्या आधी रेडा होईल. फुंका.”

निघताना रूपलने तारपा खोक्यात ठेवला. तो दोन फूट दहा इंच भरला होता. हे तिने शेवटी मोजलेच. खोक्यात एका बाजूला दीड फूट जागा रिकामी राहिली आणि तारपा इकडून तिकडे खडखडू लागला. असे खोके तिने कधीही पुढे जाऊ दिले नसते. मग तात्यांच्या हातातले तीन गोळ्यांचे यंत्र घेऊन तिने त्या जागेत घातले, सपनाने आणलेला मूठभर पेंढा भोवती दाबला, आणि खोके हलवून पाहिले.

आतले काही हलले नाही.

“पास?” कमलेशने विचारले.

“गप्प बस, आणि डिकी उघड,” रूपल म्हणाली.